काटलेला कंस

लीनाबाई काष्टीच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या तेव्हाची गोष्ट. आठवीच्या वर्गात त्या फळ्यावर बीजगणिताचं उदाहरण लिहीत होत्या आणि मुलं माना खाली घालून ते उतरवून घेत होती. खिडकीजवळचा एक मुलगा मात्र पेनाला टोपण लावून, हाताची घडी घालून फळ्याकडे बघत बसला होता. बाईंना वाटलं, शाई संपली असेल. त्यांनी विचारलं, तर तो उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाई, हे गणित आपण केलंय."

बाईंनी पुस्तक पाहिलं. ते पान त्या दिवशीच उघडलेलं होतं.

"केलंय बाई. नुसती अक्षरं बदलल्यात."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, कारण त्यांनी पाहिलं तर खरंच तसं होतं. पंधरवड्यापूर्वीच्या एका उदाहरणातली अक्षरं बदलली आणि एक चिन्ह उलटं केलं की हेच उदाहरण तयार होत होतं. पुस्तक लिहिणाऱ्यांच्याही ते ध्यानात आलं नसावं. कानिफनाथ दरेकर हा मुलगा त्या दिवसापर्यंत बाईंना हजेरीपुरताच माहीत होता. काडीसारखा, सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेला, आणि एखादी गोष्ट समजली की ओठ घट्ट मिटून घेणारा, जणू तोंड उघडलं तर ती सांडून जाईल. त्यानंतर दोन वर्षं बाई कुठलंही नवीन उदाहरण फळ्यावर मांडण्याआधी एकदा त्याच्याकडे बघायच्या.

त्याचे वडील श्रीमंतराव दरेकर उसाचे बागायतदार. पोराला गणित येतं याचं त्यांना कौतुक होतं, पण ते गणित कशाचं असतं हे विचारण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. कानिफ नगरला शिकायला गेला, मेकॅनिकलचा इंजिनिअर झाला आणि पेढे घेऊन बाईंकडे आला. त्या वेळी बाई निवृत्त होऊन नगरच्या सावेडी भागात राहायला आल्या होत्या. यजमान जाऊन वर्ष झालं होतं, मुलगी सासरी होती, आणि घरात रेडिओखेरीज कुणी बोलत नसे.

नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्यात कानिफला नोकरी लागली ती मच्छिंद्रमुळे. मच्छिंद्र त्यांच्या भावकीतला, वयाने बराच मोठा, त्याच कारखान्यात मशीनवर. आवाज असा की कारखान्याच्या गडगडाटातही त्याला ओरडावं लागत नसे. दोघं नागापुरातच एका खोलीत राहायचे. स्वयंपाक मच्छिंद्र करायचा, भांडी कानिफ घासायचा, आणि सुटीला मच्छिंद्रच्या मोटरसायकलवर दोघं काष्टीला जायचे. कानिफ ड्रॉइंगच्या खोलीत बसणारा साहेब आणि आपण खाली घामाघूम, याचं मच्छिंद्रला कधी वाईट वाटलं नाही. उलट तो सगळ्यांना सांगायचा, "आमचा कानिफ वर बसतो. त्यो काढतो ते आमी करतो."

पण कानिफचं खरं काम वेगळंच होतं, आणि ते नोकरीच्या बाहेरचं होतं.

कॉलेजात असताना त्याला कॉम्प्युटरवर एक प्रोग्रॅम सापडला होता. कॅल्क्युलेटर आकड्यांचं गणित करतो, तसा हा प्रोग्रॅम अक्षरांचं गणित करी. समीकरण दिलं की सोडवून देई, मोठी राशी दिली की तिचं सोपं रूप काढून देई. तो कुणा कंपनीचा नव्हता. निरनिराळ्या देशांतली माणसं आपापल्या वेळात तो लिहीत होती, कुणीही तो फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. कानिफला त्यात एक चूक दिसली. त्याने दुरुस्ती पाठवली. ती घेतली गेली. मग दुसरी, मग तिसरी. पुढे त्या लोकांमध्ये फाटाफूट झाली आणि जुना प्रोग्रॅम कुणी सांभाळेना. तेव्हा कानिफने त्यातला चांगला भाग घेतला, बाकीचा स्वतः नव्याने लिहिला आणि त्याला 'राशी' असं नाव दिलं. बघता बघता लिस्बनची एक प्राध्यापिका, कुठल्याशा थंड देशातले दोन विद्यार्थी आणि आणखी बरेच जण त्याच्या हाताखाली, म्हणजे त्याच्या बरोबरीने, काम करू लागले. त्यातल्या कुणीही त्याला पाहिलेलं नव्हतं.

हे नाव ऐकून मच्छिंद्रने विचारलं होतं, "राशी म्हंजी भविष्य सांगतंय का ते? मग माझं बी बघ की, साडेसाती कवा सुटतीय." नंतर तो कानिफला खोलीत लॅपटॉपवर बसलेला पाहिला की "चालू द्या ज्योतिषीबुवा" म्हणायचा आणि पंखा त्याच्याकडे वळवून झोपून जायचा.

बाईंना या कामात कानिफनेच ओढलं. असा प्रोग्रॅम नीट चालतो की नाही हे पाहायला हाताने सोडवलेली, उत्तर पक्कं माहीत असलेली उदाहरणं लागतात, आणि ती हजारोंनी लागतात. एका रविवारी तो जुना कॉम्प्युटर घेऊन आला, बाईंच्या टेबलावर त्याने तो मांडून दिला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही आयुष्यभर उदाहरणं सोडवलीत. ती मला द्या." बाईंना एवढं छान मागणं कुणी कधी केलं नव्हतं. त्या रोज सकाळी चहा झाला की उदाहरणं टंकायला बसू लागल्या. बीजगणित करणाऱ्याला ताळा पाहायची सवय असावी लागते, आणि बाईंना ती होती. उत्तर आलं की अक्षराच्या जागी एखादी संख्या घालायची, मूळ उदाहरणातही आणि उत्तरातही. दोन्हीकडे सारखं आलं तर उत्तर बरोबर.

एकाच बाबतीत त्यांचं आणि कानिफचं थोडं वाजलं होतं. समजा, वर 'क्ष वर्ग उणे नऊ' आहे आणि खाली 'क्ष उणे तीन'. वरच्याचे दोन कंस होतात, त्यातला एक खालच्यासारखाच. कंसाला कंस काटला की 'क्ष अधिक तीन' उरतं. पण क्ष जर तीनच असेल तर तो काटलेला कंस शून्य असतो, आणि शून्याने भागता येत नाही. म्हणून बाई वर्गात उत्तराशेजारी 'क्ष तीन नसावा' अशी अट लिहायला लावत, आणि न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापत. पाठवलेल्या उदाहरणांतही त्यांनी अटी लिहिल्या. कानिफने त्या काढून टाकल्या. असं प्रत्येक उत्तरामागे शेपूट लावलं तर प्रोग्रॅम मंद होतो, आणि जगातले सगळे असे प्रोग्रॅम ही अट सोडूनच देतात, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. "नंतर बघू बाई," तो म्हणाला. आपोआप ताळा पाहणारा भागही त्यानेच लिहिला होता, आणि त्यात अशी सोय होती की एखादी संख्या घातल्यावर खाली शून्य आलं तर ती संख्या सोडायची आणि दुसरी घ्यायची. त्यामुळे ताळा नेहमी जुळायचा. जिथे जुळणार नव्हता, तिथे तो कधी पाहिलाच जात नव्हता.

पुढे कारखान्यात एक नवीन यंत्र करायचं ठरलं. जड ओतीव भाग उचलून उलटा करायचा, म्हणजे खालच्या बाजूचं वेल्डिंग करता येतं. लोखंडी चौकट, खाली तिला रेटणारा जॅक. कामगार त्याला पलटी म्हणू लागले. चौकट किती कलली की जॅकला किती जोर लावावा लागेल, याचं सूत्र कानिफने 'राशी'कडून काढून घेतलं. पानभर लांब राशी आत गेली आणि दीड ओळीचं सुरेख उत्तर बाहेर आलं. त्याचा आलेख कुठे खड्डा नाही, कुठे टेकाड नाही असा गुळगुळीत होता. तो त्याने बाईंनाही दाखवला होता आणि बाईंनी कौतुक केलं होतं. एका कोनात जोर बराच कमी लागत होता. कानिफने ड्रॉइंगवर त्या जागी खूण केली आणि लिहिलं, 'तपासणीसाठी इथे थांबावे.'

पलटीवर मच्छिंद्रला नेमलं. काही महिने ती बिनतक्रार चालली. मग एके दिवशी नेहमीपेक्षा जड भाग आला. मच्छिंद्रने तो उचलला, खुणेपाशी थांबवला आणि वेल्डिंगचा सांधा कसा झालाय ते चाचपायला हात आत घातला. चौकट थांबली होती ती आपली आपण पुढे कलंडली. वर बसलेल्या कानिफला खालून लोखंडाचा आवाज आला. माणसाचा आला नाही. मच्छिंद्रसारख्या माणसाच्या तोंडून त्या वेळी आवाजच फुटला नव्हता.

उजवा हात कोपराखालून काढावा लागला. दवाखान्यातून सुटल्यावर मच्छिंद्र काष्टीला आईकडे जाऊन राहिला.

कारखान्याने चौकशी केली. उचललेल्या भाराखाली हात घालू नये अशी पाटी भिंतीवर होती, तिचा फोटो काढला, आणि कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात झाला असं लिहून फाइल मिटवली. पलटी बंद करून शेडमागे ठेवून दिली.

कानिफ पुढचे काही रविवार बाईंकडे आला नाही. आला तेव्हा जेवला नाही. भावासारख्या माणसाचा हात गेला, पोराला धक्का बसणारच, असं बाईंनी मनाशी धरलं आणि फार विचारलं नाही.

मग एका सकाळी त्यांनी सवयीप्रमाणे 'राशी'ची नवी प्रत उतरवून घेतली आणि आपली उदाहरणं तिच्यावर चालवून पाहिली. उत्तरांमागे शेपूट आलं होतं. 'क्ष तीन नसेल तर क्ष अधिक तीन.' पुढचं उदाहरण, तसंच. त्याच्या पुढचंही. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी तिथूनच फोन लावला. अखेर अट आली रे बाबा, म्हणाल्या. तिकडून नुसतं "हो बाई" आलं आणि फोन बंद झाला.

'राशी' लिहिणाऱ्यांचा एक कडक रिवाज होता. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की काय चुकलं होतं, ती चूक कशी सापडली आणि कुणाला, हे सगळ्यांना दिसेल असं लिहायचं. चूक करणाऱ्याला त्यात लाज नसे, लपवणाऱ्याला असे. कानिफ या बाबतीत सगळ्यांत काटेकोर. लिस्बनच्या प्राध्यापिकेने एकदा कारण न लिहिता दुरुस्ती पाठवली तर त्याने ती विनयाने परत पाठवली होती. आता एवढ्या मोठ्या बदलाखाली त्याने स्वतः फक्त दोन शब्द लिहिले होते. किरकोळ सुधारणा.

बाईंना ते खटकलं. त्यांच्यासारखंच ते इतरांनाही खटकलं, पण निराळ्या कारणाने. ठिकठिकाणाहून तक्रारी आल्या. प्रोग्रॅम मंद झाला, उत्तरं लांबलचक येऊ लागली, आमचं चालू काम अडलं. प्राध्यापिकेने विचारलं, हा बदल नेमका का केला? कारण सांगावं, नाहीतर महिनाअखेरीस आम्ही तो मागे घेऊ. कानिफने उत्तर दिलं नाही. सगळ्यांना उत्तर देणारा, कुठल्या शाळकरी पोराने प्रश्न विचारला तरी दोन पानं लिहिणारा कानिफ गप्प बसला होता.

रविवारी तो आला तेव्हा बाईंनी चहासुद्धा ठेवला नाही. समोर बसवलं आणि विचारलं.

तो उठला आणि दारापाशी गेला. दाराच्या कडेला बोट लावून त्याने दार सहज ढकललं. मग बिजागरीपाशी तळहात टेकून रेटा दिला. दार हललं नाही. "पलटीचा जॅक एका कोनात असा लागतो, बाई. बरोबर बिजागरीवर. कितीही जोर लावला तरी चौकट त्याच्या ताब्यात नसते. आणि त्याच कोनात वजनही बरोबर बिजागरीवर येतं. म्हणजे सूत्रात वरही शून्य आणि खालीही शून्य. तोच कंस." त्याने दारावरचा हात काढला. "राशीने काटला. आलेखात काही दिसलंच नाही."

"आणि खूण?"

"तिथंच केली मी. तिथंच थांबायला सांगितलं."

बाई एवढंच म्हणाल्या की ते लोक बदल मागे घेतील, आणि उद्या आणखी कुठेतरी कुणीतरी असंच सूत्र काढेल. कानिफने मान हलवली. त्याला ते माहीत होतं. लिहायचं तर सगळं लिहावं लागेल, आणि लिहिलेलं सगळं जग वाचतं, कारखान्याचे साहेबही वाचतील. नोकरी जाईल, कदाचित पुढचंही काही होईल. पण त्याचा हात अडला होता तो या भीतीने नव्हे.

"मच्छिंद्रदादाला वाटतंय, त्याचंच चुकलं. रोज फोनवर तेच बोलतो. त्याला आधी न सांगता मी जगाला कसं सांगू? आणि त्याला सांगायला माझी जीभ रेटत नाही." मग खाली बघत तो म्हणाला, "तुम्ही चला ना बाई माझ्याबरोबर."

नगरहून काष्टीची एसटी पकडून दोघं गेले. बाजाराचा दिवस होता, जनावरांच्या टेम्पोंनी रस्ता भरला होता, आणि स्टँडवर उतरल्यापासून चार जणांनी बाईंना वाकून नमस्कार केला. मच्छिंद्र ओट्यावर बसला होता. उजवी बाही दुमडून सेफ्टी पिनने अडकवलेली. तो एवढा बारीक झाला होता की बाईंनी आधी आवाज ओळखला आणि मग माणूस. आवाजही अर्धाच राहिला होता.

"या बाई. आन ज्योतिषीबुवा, तुमी बी? लई दिसांनी वाट चुकला."

त्याची आई मालनबाई बाहेर आली. बाईंना सतरंजी टाकली, चहा आणला. बोलता बोलता तिने लेकाचं गाऱ्हाणं मांडलं, लेकाच्या समोरच. इतकी वर्षं मशीनवर काढली, आणि अक्कल कुठं गेली त्या दिवशी, कशाला हात घालायचा भरल्या मशीनीत. सून माहेरी जाऊन बसली आहे, गावात ज्याला त्याला सांगून तोंड दुखलं. मच्छिंद्र ऐकून घेत होता. हे रोजचं असावं, कारण त्याने मान वर केली नाही.

कानिफने सांगायला सुरुवात केली आणि दोनदा अडखळला. बाईंनी मदत केली नाही. तिसऱ्यांदा त्याने कंस आणि सूत्र बाजूला ठेवलं आणि सरळ सांगितलं. पलटी त्या कोनात सुटी पडते. कुणीही असतं तरी ती पडलीच असती. थांबायची खूण माझी होती. माझ्या प्रोग्रॅमने चुकीचं दाखवलं आणि मी ते खरं मानलं.

मच्छिंद्रने हळूहळू मान वर केली.

"म्हंजी माझी चूक न्हाई?"

"नाही दादा."

"हात घातला त्याची बी न्हाई?"

"खूण तपासणीसाठीच होती. तपासायला हात घालावाच लागतो."

मच्छिंद्र आईकडे बघून म्हणाला, "ऐकलं का गं," आणि त्याचे डोळे भरून आले. लहान पोरासारखं त्याने ते डाव्या खांद्याला पुसले. क्षणभर बाईंना वाटलं, सुटलं. मग मच्छिंद्र परत कानिफकडे वळला.

"तुला कवापासनं म्हाईत हाय हे?"

कानिफने खोटं सांगितलं नाही. दवाखान्यात तुझी पट्टी पहिल्यांदा बदलली तेव्हापासून, म्हणाला.

समोरून एकजण बैलजोडी घेऊन गेला, त्याने हाक मारली, तिला कुणी ओ दिली नाही. कानिफ दवाखान्यात मच्छिंद्रच्या उशाशी बसून त्याला डाव्या हाताने घास घ्यायला शिकवत होता, तेव्हाही त्याला हे माहीत होतं. बाईंना ते आत्ताच कळत होतं.

"एवढे महिने मी सवताला शिव्या घालतोय," मच्छिंद्र म्हणाला. आवाज चढला नव्हता. "तू ऐकत हुतास. दवाखान्यात पंखा माझ्याकडं फिरवून ऐकत हुतास."

"दादा, मला..."

"मला सांगून काय हुतंय? ज्यांनी माझं नाव लिवलंय त्यांस्नी सांग. न्हाईतर परत हितं येऊ नगं."

मालनबाईने बाईंचा कप उचलला. कानिफचा भरलेला कप तसाच राहू दिला आणि आत निघून गेली.

येताना एसटीत कानिफ खिडकीला डोकं टेकून बसला होता. बाईंनी त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, ती त्याने नगर येईपर्यंत तशीच धरून ठेवली.

त्याने सगळं लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, आणि बाईंना आधी वाचायला दिलं. काय चुकलं, कसं सापडलं. कारखान्याचं नाव घेतलं नाही, पण पलटीची आकृती दिली, खूण कुठे केली ते दाखवलं, आणि शेवटी लिहिलं की यामुळे एका माणसाचा हात गेला, चूक सापडल्यावर मी ती इतके महिने लपवली. 'ही चूक कुणाला सापडली' या जागी त्याने मच्छिंद्रचं पूर्ण नाव घातलं. तीच हकीकत मराठीत लिहून त्याने कारखान्यात दिली आणि एक प्रत कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयातही.

जगाकडून उत्तरं येऊ लागली. काहींनी हळहळ व्यक्त केली. काहींनी आपल्याही कामात अशा जागा सापडल्याचं कळवलं. एकाने मात्र शांतपणे लिहिलं की याला चूक म्हणता येणार नाही, सगळेच प्रोग्रॅम असं करतात, वापरणाऱ्याने सावध राहायला हवं. बाईंनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि ते त्यांना सहन होत नव्हतं. प्राध्यापिकेने बदल मागे घेतला नाही. 'राशी'च्या उत्तरांत आजही अटी येतात.

साहेबांनी कानिफला बोलावून घेतलं. प्रोग्रॅमचं काय ते लिही, आकृती काढून टाक, म्हणाले. कानिफने सांगितलं की एव्हाना ती कितीतरी कॉम्प्युटरांवर उतरली असेल, आता ती माझ्याही हातात नाही. त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढलं. कारखान्याने चौकशीचा निष्कर्ष बदलला. मच्छिंद्रच्या निष्काळजीपणाची ओळ गेली. तिच्या जागी आली ती अशी, की ड्रॉइंग करणाऱ्याने परवानगीशिवाय बाहेरचा प्रोग्रॅम वापरला आणि दोष माहीत असून दडवला. परवानगी कधी कुणी मागत नव्हतं आणि देतही नव्हतं, पण ते सांगायला पुढे कुणी आलं नाही. कानिफवर पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. लॅपटॉप मुद्देमाल म्हणून जमा झाला.

एके दिवशी श्रीमंतराव दरेकर सावेडीला बाईंच्या दारात येऊन उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत. टोपी हातात घेऊन म्हणाले, "बाई, तुमी शिकीवलं म्हनून पोरगं मोठं झालं, ते मी इसरलो न्हाई. पर तुमी त्याला काष्टीला आनायला नगं हुतं. गप बसलं असतं तर हात काय परत येनार हुता का?" बाई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. हात परत येणार नव्हता, हे खरंच होतं. श्रीमंतरावांनी टोपी घातली आणि ते जिना उतरून गेले.

मच्छिंद्रची बायको माहेराहून परत आली. कारखान्याने त्याला गेटवर बसायचं काम दिलं आहे, आणि तो नागापुरात दुसऱ्या खोलीत राहतो. कानिफ त्याला भेटायला एकदा गेला होता. मच्छिंद्रने त्याला बस म्हटलं, चहा मागवला, ऊसपाण्याचं, गावाकडचं विचारलं. ज्योतिषीबुवा म्हणाला नाही. कानिफने हे बाईंना फोनवर सांगितलं.

'राशी' आता प्राध्यापिका सांभाळते. बाई अजून सकाळी उदाहरणं पाठवतात. त्यांना नम्र, नेटकी उत्तरं येतात, पण पूर्वी एखादं उदाहरण आवडलं की "बाई, हे झकास" असं मराठीत यायचं, ते येत नाही. नागापुरात कानिफला कुणी कामावर घेतलं नाही. पुण्यात एकाने घेतलं आणि केस चालू आहे हे कळल्यावर सोडलं. लग्न ठरत आलं होतं, ते राहिलं. 'राशी'चे लोक त्याला अधूनमधून लिहितात, परत ये म्हणतात. त्याने अजून कुणालाही उत्तर पाठवलेलं नाही.

कोर्टाची तारीख असते तेव्हा तो पहाटेच्या गाडीने नगरला येतो. बाई त्याला जेवू घालतात. तो जेवतो, पान उचलतो, बाई नको म्हणत असतानाही सगळी भांडी घासून ठेवतो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. तारखेला फक्त पुढची तारीख मिळते.

सध्या कानिफनाथ दरेकर नगर जिल्ह्यातल्याच अकोले गावात एका भातगिरणीवर कामाला आहे. आलेली पोती उतरवून घेतो, भरलेली ट्रकमध्ये चढवून देतो, आणि गिरणीच्याच मागच्या खोलीत राहतो.